शिजवलेली हळद

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी माती उकरायची, तोंडावरची फरशी सारायची,
मग नुसतं बसून राहायचं कडेला, बिडी न पेटवता.
आत कोंडलेली हवा माणूस गिळते.
दुपार कलली की दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला, तर अजून थांबायचं.
जळत राहिला, तर उतरायचं.

एवढं मला मुळाक्षरांच्या आधी येत होतं,
कारण आबा, तुम्ही हरिपूरच्या पेवांत उतरणारे.
मंडळीच्या वहीत नथानेल शामुवेल आवळे,
अडत्यांच्या तोंडी नुसता नथा.
संध्याकाळी घरी यायचात ते पिवळे,
भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या.
आई म्हणायची, "रोजच नवरदेव हून येतंय माणूस."

रविवारी मात्र पांढरा सदरा.
विश्वासांगीकारात 'उतरला' हा शब्द आला
की तुम्ही मिटलेले डोळे उघडायचात.
एकदा वाटेत मी विचारलं, का?
"त्येच्या आदी कंदील कुणी सोडला नव्हता गं."

पाळक शांतवन लोखंडे दरवर्षी बियाण्यावर बोलायचे:
दाणा मातीत जातो, कुजतो, कोंब धरतो.
एका वर्षी उपासनेनंतर, कपबशी हातात धरून,
तुम्ही त्यांना गाठलंत.
"सायेब, बेण्याची हळद निराळी. ती उगवतीच.
पेवातली शिजवल्याली असती.
कायलीत उकडून, उनात वाळवून, पार खडखडीत.
हजार वर्सं पुरा, कोंब यायचा न्हाई.
आमी बेण्यासारकं मरत न्हाई, हळकुंडासारकं मरतो.
त्येला उठवायचं म्हंजी..."

पुढचं तुम्हाला सापडलं नाही.
पाळकांनाही नाही.
चहा तसाच राहिला, साय धरून.

आज पुनरुत्थानाचा रविवार. पहाटेचे पाच.
दफनभूमीत मेणबत्त्या घेऊन आम्ही तीस-पस्तीस माणसं.
महापुरात खचलेली तुमची कबर
मागच्या महिन्यात नीट करून घेतली,
चुना अजून हाताला लागतो.
शिवारात कुठेतरी कायली पेटली आहे,
उकडत्या हळदीचा तो ओला, मातकट वास.
रूथमावशी नातवाला दटावते आहे,
"मेणाशी खेळू नको, प्रार्थना चाललीय."

खरं सांगायचं तर गीत म्हणताना माझा आवाज मागे राहतो.
मिरजेच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स आहे मी,
थंड पडलेले पाय ओळखते.
त्यातून आपोआप काही फुटत नाही.
कडुनिंबाला चैत्रात पालवी येते,
पण ती येणारच असते,
तिच्यासाठी कुणाला खाली उतरावं लागत नाही.

तुमचं अडलेलं वाक्य मी कितीदा पुरं करून पाहिलं.
हळकुंडाच्या अंगात काहीच उरलेलं नसतं.
मग जे काही आहे ते
हाक मारणाऱ्याच्या अंगात असायला हवं, सगळंच्या सगळं.
एवढंच जमलं मला.
पुष्कळदा ते पुरतं.
रात्रपाळीत, तीनच्या सुमाराला, कधी कधी पुरत नाही.

पेवं पुरात गेल्यावर तुम्ही वखारीत पोती वाहिलीत,
अगदी छातीत कळ येईपर्यंत.
शेवटची अंघोळ मी घातली.
साबण लावला, लिंबू चोळलं, रॉकेलचा बोळासुद्धा फिरवला,
नखं पिवळी ती पिवळीच.
तेव्हा रडले होते त्या नखांपायी.
आता नाही.
थोमाला पुढे केलेल्या तळहातांवर वण होते ना?
उठलेल्या अंगावरूनही कुणी पुसले नव्हते.
तर त्या दिवशी एवढ्या गर्दीत
मी चेहरे बघत बसणार नाही, आबा,
सरळ हात बघत येईन.

उजाडायला लागलंय. वारा सुटलाय.
माझी मेणबत्ती मी काचेच्या ग्लासात उभी केली,
ग्लास तुमच्या उशाशी, जरा खाली, खळगीत ठेवला.
वाकून बघते.
जळते आहे.